कवळीला लेझर

मुंगीडॉक्टरांच्या दवाखान्यावर नवी पाटी लागली त्या सकाळी त्यांनी चहाला हात लावला नाही. पाटी चांगली लांबरुंद, निळी, आतून दिवे पेटणारी. तिच्यावर हसणाऱ्या एका बाईचे बत्तीसच्या बत्तीस दात आणि त्यावर कुठूनतरी येऊन पडलेला लाल किरण. खाली ठसठशीत अक्षरांत, ‘येथे लेझरने दंतोपचार केले जातात’. डॉक्टर मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडे गेले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले, पाटी वरून खालपर्यंत वाचली आणि समोरच्या शिंप्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "दवाखाना आहे की सर्कस आलीय गावात?"

शिंप्याच्या तोंडात तेव्हा टाचण्या होत्या, म्हणून सुटला.

त्यांना मुंगीडॉक्टर कोणी म्हणायला सुरुवात केली ते आता कुणाला आठवत नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हिरडीत इंजेक्शनची सुई घालण्याआधी ते दर वेळी एकच वाक्य म्हणत: "हं, मुंगी चावेल बरं का. काळी. बिचारी गरीब असते." आणि खरंच, माणूस डोळे मिटून, खुर्चीचे हात घट्ट धरून चावण्याची वाट बघत बसायचा, तोवर डॉक्टर सुई खाली ठेवून मोकळे. काय तो हात! हलका म्हणजे किती हलका असावा! घोड्यासारखे दांडगे लोक दवाखान्याच्या पायरीवर येऊन घाम पुसायचे आणि बाहेर पडताना गाल चाचपत म्हणायचे, "झालं? एवढंच?" गावातल्या निम्म्या दाढा त्या हातानं काढल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या वाचवल्या होत्या.

आता ज्याचा हात असा, त्याची जीभही तशीच हलकी असेल असं वाटलं ना? छे! जीभ म्हणजे पाजळलेला विळा. जगात नाक मुरडण्याजोगं काय काय आहे याची डॉक्टरांना तोंडपाठ यादी होती. दात पांढरेशुभ्र करून मागणारे लोक, रंगीत तारा लावणारी पोरं, दोन मिनिटांत ब्रश उरकणारे, जेवण झाल्यावर टाचणीनं दात कोरणारे, आणि सगळ्यांत वर दुसरे दातांचे डॉक्टर. "त्याला डॉक्टर म्हणता? तो सुतार बरा, निदान लाकडाला भूल देत नाही!" बायको एकदा वैतागून म्हणाली होती, "अहो, तुम्हाला आवडतं असं काही आहे का हो या जगात?" डॉक्टरांनी विचार केला, अगदी प्रामाणिकपणे केला, आणि म्हणाले, "स्वच्छ दाढ."

त्यांचा मुलगा दातांच्या वाटेला गेला नाही. बापाकडे बघून दात विचकायचे, एवढाच त्याचा दातांशी संबंध. पण बायको मात्र त्यानं नेमकी दातांची डॉक्टर करून आणली. सूनबाई कमी बोलायची, हळू बोलायची आणि स्वतःला हवं तेच करायची. घर वर, दवाखाना खाली. खाली बाजूची खोली जुन्या सामानानं भरलेली होती, ती तिनं रिकामी करून घेतली, तिथं दुसरी खुर्ची टाकली. इथपर्यंत डॉक्टरांचं काही म्हणणं नव्हतं. मग एक दिवस खोकं आलं.

"हेच का ते?" खोक्यातून निघालेल्या यंत्राकडे बघून डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं खोली भरेल. हे तर पावाच्या डब्याएवढं आहे."

"एवढंच असतं, बाबा," सूनबाई म्हणाली.

"आणि हे? पेन?"

"त्याच्या टोकातून लेझर येतो. वाढलेली हिरडी कापता येते, तोंड आलं असेल तर त्यावर मारता येतो. कापताना रक्त फार येत नाही."

मग तिनं त्या पेनाचं केसासारखं बारीक टोक बुचाच्या तुकड्यावर टेकवलं, पायाखालची कळ दाबली, आणि यंत्र टिक टिक वाजत असताना ते नवंकोरं टोक काळं करून घेतलं. डॉक्टरांना हसू आवरेना. "वा! नवी वस्तू आणायची आणि आणल्या आणल्या जाळायची!"

"टोक काळं असलं की उष्णता टोकाशीच राहते, बाबा. नाहीतर सगळा प्रकाश खोल आत शिरतो, नको तिथं भाजतं."

"शिरू दे की. कुठंतरी प्रकाश पडेल तरी."

आणि ते हिरवे चष्मे! सूनबाईला स्वतःला, मदतनीस बाईला, खुर्चीतल्या माणसालासुद्धा. लेझर सुरू असताना खोलीत चष्म्याशिवाय कुणी थांबायचं नाही, असा सूनबाईचा नियम. तिनं सासऱ्यांसाठी एक चष्मा दाराशी खिळ्याला अडकवून ठेवला होता. तो तिथंच लटकत राहिला. "तोंडात बघायचं काम, आणि आधी डोळ्यांवर झापडं बांधायची," असं म्हणून डॉक्टर त्या दारावरून मान उडवत जायचे.

एवढं तोंडसुख घ्यायला कारण होतं, आणि ते कारण लेझर नव्हतं. ते डॉक्टरांच्या उजव्या मनगटात होतं.

हात हलायला लागला होता. फार नाही, थोडासाच. आधी बशीतला कप वाजायला लागला, तेव्हा त्यांनी कपबशी सोडून दिली आणि मोठा मग धरला. मग शर्टाचं गळ्याचं बटण वेळ खायला लागलं, तेव्हा त्यांनी गळ्याचं बटण लावणारे लोक किती बावळट दिसतात यावर बायकोला व्याख्यान दिलं. पण तोंडात हात घातल्यावर काय? तिथं त्यांच्याकडे तोड होती. दातांवर काम करताना करंगळीचा आधार घ्यायचा, ती शेजारच्या दातावर किंवा हनुवटीवर टेकवायची, हे तर प्रत्येक दातांचा डॉक्टर शिकतोच. मुंगीडॉक्टर पूर्वी ती नुसती टेकवायचे. आता खांब रोवावा तशी रोवायला लागले. करंगळी हनुवटीत रुतली की हातातलं हत्यार जागच्या जागी स्थिर. दिव्याच्या उजेडात डोळ्यांत तेल घालून त्यांनी स्वतःच पाहिलं होतं. टोक तसूभर हलत नव्हतं.

कुणाच्या बापाला कळणार नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. आणि कळलं तर काय, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्या माणसाचं सगळं एका हातावर चालतं, त्याचा तो हात गेला की उरतं काय? वरच्या मजल्यावर खिडकीत बसलेला एक म्हातारा, खाली कोण कोण येतं ते मोजणारा. तसलं जगण्यापेक्षा स्वतःचेच सगळे दात भूल न घेता उपटून घेतलेले बरे, असं त्यांना वाटायचं. आणि हे ते थट्टेत म्हणत नव्हते.

तर, पाटी लागली आणि गावाच्या अकलेला आग लागली.

वाचनालयातल्या बाई आल्या. इतक्या वर्षांच्या पेशंट, यांच्याच हातून अर्धी बत्तिशी भरून घेतलेली. डॉक्टर हात धुवून तयार, आणि बाई सूनबाईच्या दाराकडे वळल्या. "म्हटलं, लेझरनं बघू या जरा."

"काय बघायचंय?"

"दाढ काढायचीय."

"दाढ? लेझरनं?" डॉक्टरांचा आवाज छताला लागला. "बाई, पुस्तकांत राहता ना तुम्ही? दाढ मुळापासून हलवून ओढून काढावी लागते. त्या टिकटिकीनं दाढ निघत नाही. किरण पडला की दाढ काय टाळी वाजवत बाहेर येणार आहे?"

बाई ओशाळल्या, पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या, पण हटल्या नाहीत. आत जाऊन बसल्या.

त्यांच्यामागून बसचा ड्रायव्हर आला. त्याला दात साफ करून घ्यायचे होते, लेझरनं. मग शाळेतल्या गणिताच्या मास्तरीणबाई, दाताला चांदी भरायची होती, लेझरनं. येईल त्याला डॉक्टर समजावत होते, म्हणजे ओरडत होते, आणि येईल तो मान खाली घालून ऐकून घेत होता आणि सूनबाईच्या खोलीत जात होता. डॉक्टरांचं डोकं फिरायची पाळी आली. आजवर त्यांनी लोकांची अक्कल काढली ती एक सवय म्हणून. आता मात्र त्यांची खात्रीच पटली, की गावच्या गाव खुळं झालंय.

शेवटी त्यांनी सूनबाईला गाठलं. "दाढ लेझरनं निघत नाही हे तू लोकांना सांगत का नाहीस?"

"सांगते की, बाबा. आधीच सांगते."

"मग?"

"मग ते म्हणतात, असू दे, तुम्हीच काढा."

"आणि मग तू कशानं काढतेस?"

"चिमट्यानं."

"म्हणजे माझ्यासारखीच!"

"तुमच्यासारखीच. तुम्हीच दाखवलंय ना, कसं हलवायचं ते."

"आणि भूल देताना काय सांगतेस?"

सूनबाई जरा घुटमळली. "मुंगी चावेल म्हणते."

घ्या! मुंगीसुद्धा पळवली! डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दुपारी त्यांनी जेवताना लेझर, लेझर बनवणारे, विकणारे, विकत घेणारे आणि मागणारे अशा सगळ्यांचा क्रमानं उद्धार केला. समोर बायको बसली होती. ती एका बाजूनं, अगदी हळू चावत होती आणि मधूनमधून तोंडावर पदर धरत होती. पण बोलण्याच्या भरात असलेल्या माणसाला समोरचं दिसतं थोडंच?

शिंप्यानं मात्र कहर केला.

शिंपीमास्तरांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या मुंगीडॉक्टरांनीच बनवलेल्या, आणि खालची आता सैल होऊन बोचत होती. मास्तर रस्ता ओलांडून आले, ती कवळी कापडाच्या चिंधीत गुंडाळून हातात धरलेली.

"बोचते," ते बोळक्या तोंडानं म्हणाले.

"या, बसा. हिरडीवर बसवून बघतो, बोचतंय तिथं घासतो. आधी तोंड उघडा."

मास्तरांनी खुर्चीकडे पाहिलं, डॉक्टरांच्या हाताकडे पाहिलं, मग चिंधीकडे. "नाही, म्हटलं… ते लेझरनं होत असेल तर."

डॉक्टरांनी चिंधीकडे पाहिलं, मग मास्तरांच्या बोळक्या तोंडाकडे.

"कवळीला?" ते म्हणाले. "मास्तर, कवळीला लेझर? अहो, कवळी म्हणजे काय हाडामांसाची आहे? उद्या तुमच्या शिवणयंत्राला इंजेक्शन द्या म्हणाल! कपड्यांबरोबर डोकंसुद्धा इस्त्री करून सपाट केलंत की काय?"

बाहेरच्या बाकावर बसलेले लोक ऐकत होते. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी चिंधी खिशात घातली, "बरं, राहू दे मग," म्हणाले आणि रस्ता ओलांडून परत गेले. त्यानंतर ते कवळीशिवायच दिसायला लागले. पाव चहात बुडवून खायचे. डॉक्टरांना ते समोरून दिसायचं, आणि दिसलं की ते खिडकीशी जाऊन पुटपुटायचे, "हट्टी. बसा बुडवत."

पुढं एका सुट्टीच्या दुपारी बायकोनं सफरचंद चिरलं. एक फोड तिनं नवऱ्याला दिली, एक स्वतः चावली आणि अर्धी ताटलीत ठेवली. त्या दिवशी डॉक्टर का कोण जाणे गप्प बसले होते, म्हणून त्यांचं लक्ष गेलं. फोडीच्या पांढऱ्या गरावर चावल्याजागी लाल डाग होता.

"हे काय आहे?"

"काही नाही." तिनं फोड उलटी केली.

"काही नाही म्हणजे? रक्त आहे ते. आ कर."

"अहो, जेवताना कसलं आ कर!"

"मग खाली चल."

दवाखाना बंद होता. त्यांनी दिवे लावले, तिला आपल्या खुर्चीत बसवलं, दिवा तिच्या तोंडावर ओढला. तिनं नाइलाजानं तोंड उघडलं आणि डॉक्टर बघतच राहिले. खालच्या पुढच्या दातांवर हिरड्या सुजून अशा वर चढल्या होत्या की दात अर्धे बुडाले होते. लालभडक. आरशाची कड लागली तरी रक्त.

"किती दिवस झाले?"

"झाले थोडे."

"थोडे? हे थोड्या दिवसांचं आहे? तुझ्या रक्तदाबाच्या गोळीनं होतं हे काही जणांना. येईल त्याला मी घसा फोडून सांगतो, हिरडी सुजली तर लगेच या, आणि माझ्या घरात…" राग आला होता, पण कुणावर तेच कळत नव्हतं. रोज तीन वेळा ही बाई त्यांच्या समोर बसून जेवत होती.

त्यांनी मन ताळ्यावर आणलं. "ठीक आहे. गोळी बदलून घेऊ. दात साफ करतो, आणि हे जास्तीचं वाढलंय ते कापून काढावं लागेल. तुझं रक्त पातळ करायचं औषध चालू आहे, तेव्हा जपून करावं लागेल. नाजूक काम आहे. पण मी करतो ना."

बायकोनं तोंड मिटलं. "सूनबाईकडून करून घेते."

"काय?"

"सूनबाई करेल. लेझरनं."

आता मात्र कडेलोट झाला. "तूसुद्धा!" ते ओरडले. "अगं, त्या गावाला अक्कल नाही, तुला काय झालं? लग्न झाल्यापासून तुझ्या तोंडात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी हात घातलाय?"

"नाही घातला," ती म्हणाली. "म्हणून तर लपवलं."

"म्हणजे?"

डॉक्टर उत्तरासाठी थांबलेच नाहीत. त्यांनी आरसा उचलला, दुसऱ्या हातात टोकदार सळई घेतली, "आ कर, आधी नीट बघू दे," म्हणाले, आणि करंगळी तिच्या हनुवटीवर रोवली.

तिनं हळूच त्यांचं मनगट धरलं. ढकललं नाही, नुसतं धरलं.

"मुंगी चालते," ती म्हणाली.

"कुठं मुंगी?" डॉक्टरांनी खाली पाहिलं.

"तुमची करंगळी. माझ्या हनुवटीवर मुंगी चालल्यासारखी थरथरते. मागच्या खेपेला दात साफ केलेत ना, तेव्हापासून."

"शक्य नाही. हे बघ! हत्यार हलतंय का? हलतंय का सांग!"

"हत्यार नाही हलत. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही," ती म्हणाली. "हनुवटीला कळतं."

डॉक्टरांनी हत्यार ताटात ठेवलं. ठेवताना ते वाजलं, आणि ते का वाजलं हे दोघांनाही कळलं.

किती साधी गोष्ट! थरथर कुठंतरी जाणारच. टोकाला जाऊ दिली नाही तर ती करंगळीतून खाली उतरणार, आणि खाली कुणाची ना कुणाची हनुवटी असणार. जन्मभर दुसऱ्यांना मूर्ख म्हणण्यात घालवलेल्या या शहाण्या माणसानं आपलं गुपित ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच अंगावर टेकवून ठेवलं होतं. आणि वर दाबत होता, कळायला नको म्हणून!

"मग बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं. आवाज आता छताला लागत नव्हता.

"काय बोलू? तुम्हाला दुसरं येतं काय?"

हे तिनं टोचून म्हटलं नव्हतं. टोचून म्हटलं असतं तर बरं, डॉक्टरांकडे उत्तर होतं. तिचे डोळे भरले होते.

"आणि लोक? लोक काय म्हणतात?"

"लोक काही म्हणत नाहीत," ती म्हणाली. "लोक लेझर मागतात."

डॉक्टर स्टुलावर बसले. वाचनालयातल्या बाई, ड्रायव्हर, मास्तरीणबाई, एकेक जण नजरेसमोरून जायला लागला. पर्स छातीशी धरून शिव्या खाणारी ती बाई. तिला दिवसभर पुस्तकांत वावरून हे ठाऊक नसेल की लेझरनं दाढ निघत नाही? ‘असू दे, तुम्हीच काढा.’ सगळ्यांनी येऊन त्यांच्यासमोर अडाणी व्हायचं पत्करलं होतं. भर दवाखान्यात स्वतःची अक्कल काढून घेतली, पण त्यांच्या हाताचं नाव कुणी काढलं नाही. आणि ते शिंपीमास्तर! सुईत दोरा ओवण्यावर ज्याचं पोट चालतं, त्याला हलता हात ओळखायला हनुवटीचीही गरज नव्हती.

डॉक्टरांनी इकडंतिकडं पाहिलं, जणू खोलीत आणखी कुणी असावं. मग त्यांनी आपली करंगळी, आयुष्यभर लोकांच्या हनुवटीवर टेकवलेली ती करंगळी, पहिल्यांदाच स्वतःच्या हनुवटीवर टेकवली आणि डोळे मिटले.

बायको बघत होती. बऱ्याच वेळानं त्यांनी हात खाली घेतला आणि मान हलवली.

"चालते," ते म्हणाले.

पुढचं सगळं सूनबाईनं तिच्या पद्धतीनं, हळू बोलत आणि स्वतःला हवं तसं केलं. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलली, रक्तदाबाची गोळी बदलून घेतली, सासूचे दात दोन वेळा साफ केले, थोडी सूज उतरू दिली. उरलेली हिरडी लेझरनं काढायचं ठरलं त्या सकाळी तिनं खोलीचं दार लावून घेतलं, आणि ते पुन्हा उघडलं. दारात डॉक्टर उभे होते. डोळ्यांवर हिरवा चष्मा.

"पाणबुड्या दिसतोय मी, ठाऊक आहे," ते म्हणाले. "हसायचं नाही. धूर ओढायची नळी मी धरतो. डाव्या हातानं."

मदतनीस बाई बाजूला झाली.

सूनबाईनं सुई उचलली आणि थांबली. नेहमीचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, पण सासऱ्यांसमोर ते म्हणावं की नाही हे तिला कळेना. डॉक्टरच खाली वाकले. "काळी आहे," ते बायकोला म्हणाले. "बिचारी गरीब असते."

मग यंत्र टिक टिक करायला लागलं. सूनबाईनं पेन धरलं, करंगळी सासूच्या हनुवटीवर टेकवली, अगदी हलकेच, त्यांनीच शिकवली होती तशी. डॉक्टरांनी त्या करंगळीकडे बराच वेळ पाहिलं. "चालते का गं?" त्यांनी विचारलं. बायकोनं तोंड उघडं ठेवूनच, डोळ्यांनी ‘नाही’ म्हटलं.

केस जळल्यासारखा वास सुटला. "वास मारतं तुझं यंत्र," डॉक्टर म्हणाले आणि नळी जवळ नेली. ब्रश फिरवावा तसं टोक हिरडीवरून जात होतं आणि बुडालेले दात हळूहळू वर येत होते. रक्त जवळजवळ नाहीच. सूनबाईनं काम संपवलं तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढला, दिवा जवळ ओढून कड तपासली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली. नाव ठेवायला जागा शोधत होते, जुनी सवय. सापडली नाही.

"बरं आहे," ते म्हणाले. "हत्यार म्हणून बरं आहे. पाटी मात्र भिकार आहे."

बायको बधिर ओठानं हसायला गेली आणि अर्धंच हसू आलं. डॉक्टरांनी रुमालानं तिची हनुवटी पुसली. पुसताना हात हलत होता. या वेळी त्यांनी तो दाबला नाही.

संध्याकाळी दवाखाना उघडला तेव्हा बाहेरचं बाक भरलेलं होतं. ड्रायव्हर होता, वाचनालयातल्या बाई दाढ काढलेली जागा दाखवायला आल्या होत्या, आणखी दोघं-तिघं. डॉक्टर आपल्या खोलीतून बाहेर आले तसे सगळे जरा सावरून बसले, आता कुणाची पाळी म्हणून. डॉक्टर सरळ पायऱ्या उतरून रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

शिंपीमास्तर पाव बुडवत होते.

"मास्तर, कवळी कुठंय?"

"खिशात."

"खिशाला काही चावायचंय का?"

मास्तरांनी पाव खाली ठेवला आणि पुढचं ऐकायची तयारी केली.

"बोचते ना अजून?" डॉक्टरांनी विचारलं.

"बोचते."

"मग उठा. लेझर मारून घेऊ तिला."

मास्तरांनी मान वर केली. "पण तुम्हीच तर म्हणालात, कवळीला लेझर…"

"म्हणालो होतो. मला कुठं काय कळतं." डॉक्टरांनी दोन्ही हात खिशात घातले होते. "कवळीला तर लेझरच लागतो. दुसऱ्या कशानं होतच नाही ते."

मास्तरांनी त्या खिशांकडे पाहिलं. मग त्यांनी समोर पडलेली सुई उशीला खोचली, ओठ पुसले आणि उठले. "मी म्हणतच होतो," ते म्हणाले.

दोघं मिळून रस्ता ओलांडून आले. दारात थांबून डॉक्टरांनी आत हाक मारली, त्यांच्या त्याच जुन्या, छताला लागणाऱ्या आवाजात, म्हणजे बाकावरच्या सगळ्यांना नीट ऐकू जावं. "सूनबाई! मास्तर आलेत. कवळीला लेझर मारायचाय!"

बाकावरचं कुणीही हसलं नाही. वाचनालयातल्या बाईंनी सरकून मास्तरांना जागा करून दिली.